ध्रुव हरू लागला तेव्हा

"माझा मित्र हरवलाय," बाबुराव गजभिये म्हणाले, "आणि तो रोज माझ्याशी बोलतोय."

क्रांती मेश्रामने पेन खाली ठेवलं. शेजारी बसलेल्या दीनानाथ खऱ्यांना वाटलं, झालं, सकाळी सकाळी डोकं फिरलेला माणूस पदरी पडला.

पहाडगंजच्या मराठी शाळेत दीनानाथांनी क्रांतीला गणित शिकवलं होतं. आता ती गुप्तहेर होती आणि ते विधुर. घर खायला उठायचं, म्हणून ते रोज तिच्या ऑफिसात येऊन बसत. पगार नव्हता, चहा होता. तपासात ते हमखास चुकीचं उत्तर काढत आणि क्रांती ते मन लावून ऐकून घेई. एके काळी त्यांनी तिचं ऐकून घेतलं होतं, त्याची ती परतफेड असावी.

"नीट सांगा काका," क्रांती म्हणाली.

बाबुरावांनी फोन पुढे केला. फोनवर 'कौल' नावाचा एक ग्रुप होता. दिल्लीतली मराठी मंडळी तिथे राजकारणावर भांडत. बाबुराव तिथे 'कोतवाल' होते आणि त्यांचा जन्माचा वैरी होता 'ध्रुव'. कुठलीही निवडणूक आली की दोघांची पैज लागायची. दोघं जागांचा आकडा सांगायचे. निकालापासून ज्याचा आकडा जास्त लांब पडेल, त्याने ग्रुपवर आठवडाभर गप्प बसायचं.

"फक्त गप्प बसायचं? पैसे वगैरे नाही?" दीनानाथांनी विचारलं.

"पैसे परवडले असते हो. मुलगी लुंबिनी सकाळीच ऑफिसला जाते. लक्ष्मीबाई नगरच्या तिच्या सरकारी क्वार्टरमध्ये दिवसभर मी एकटा. तो आठवडा कसा काढायचो, ते माझं मला माहीत."

"ध्रुवाचं खरं नाव काय?"

"माहीत नाही. आम्ही दोघंही सेंट्रल गव्हर्नमेंटचे नोकर. राजकारणावर लिहिलं की नोकरीवर यायचं, म्हणून टोपणनावं घेतली. एकमेकांचं नाव विचारायचं नाही, भेटायचं नाही, असं ठरलं. दोघं रिटायर झालो, पण ठरलं ते ठरलं." बाबुराव थांबले. "मॅडम, हा माणूस कधी हरत नव्हता. दिवाळीनंतर मात्र प्रत्येक वेळी हरतोय. पूर्वी आधी आकडा टाकून मला डिवचायचा. आता माझा आकडा येईपर्यंत थांबतो. भांडत तर नाहीच. मी काही लिहिलं की विचारतो, 'मग पुढे काय झालं?' हा तो नाही. त्याचं बरंवाईट झालं असेल तर मला कळायला हवं. मला दुसरं कोणी नाही हो."

ते गेल्यावर दीनानाथ म्हणाले, "उघड आहे. कुठल्या तरी पक्षाच्या आयटी सेलने खातं बळकावलंय. आपला पक्ष जिंकणार अशी हवा करायची."

क्रांती जुने संदेश वाचत होती. "बिल्कुल शक्य आहे, सर. पण हे बघा. डोंगराळ राज्याच्या निवडणुकीत ध्रुवाने केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांना भरभरून जागा दिल्या. किनाऱ्यावरच्या राज्यात विरोधकांना. हा कसला प्रचार?"

"मग त्याला अक्कल नसेल."

"आणि ही पोटनिवडणूक, बऱ्याच जागांची एकदम झालेली. इथे काकांचा अंदाज साफ चुकला होता, आकडा फारच मोठा होता. उलटं टोक धरलं असतं तर ध्रुव जिंकला असता. त्याने काय केलं? काकांच्याच बाजूला उभा राहिला आणि त्यांच्याहून मोठा आकडा टाकला. परत हरला."

दीनानाथांनी आणखी एक चहा मागवला.

ग्रुपचा ॲडमिन प्रफुल्ल जवळच्याच गल्लीत एका ट्रॅव्हल एजन्सीत बसायचा. ध्रुवाचं नाव काढताच तो चुळबुळू लागला.

"सट्टेवाले विचारायचे तुला, ध्रुव काय म्हणतोय म्हणून. खरं ना?" क्रांतीने अंदाजाने सरळच विचारलं.

प्रफुल्लने मान खाली घातली. "हां, ताई. त्याचा आकडा पुढे ढकलला की मला थोडं काही मिळायचं. आता तो सारखा हरतोय, माझं नाव खराब झालं यार. मीच शिव्या खातोय."

त्याच्याकडे ध्रुवाचा पत्ता होता. मागे एकदा बक्षीस म्हणून दिवाळी अंक पाठवले होते, ते मयूर विहारला. नाव सूर्यकांत राजवाडे.

"हाच चोर," रस्त्यावर येताच दीनानाथ म्हणाले. "खोटा आकडा पसरवायचा आणि स्वतः उलट्या बाजूला पैसा लावायचा."

"एकदा चालेल, सर. दुसऱ्यांदा त्याच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवेल? ज्या कोंबडीची अंडी विकायची, तिलाच कोण मारेल?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते बाबुरावांना घेऊन मयूर विहारला गेले. दार सूर्यकांतांच्या मुलाने, सुधन्वाने, उघडलं. आत भिंतीवर सूर्यकांतांचा फोटो होता आणि फोटोला चंदनाचा हार होता. बाबुराव उंबऱ्यावरच थबकले. तोंड न पाहिलेल्या मित्राचं तोंड ते प्रथमच पाहत होते, आणि ते असं.

"दिवाळीनंतर लगेच गेले बाबा," सुधन्वा म्हणाला. "हार्ट. तुम्ही त्यांचे कोण?"

"कोतवाल," बाबुराव एवढंच म्हणाले. दीनानाथांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. सुधन्वाची आई, अलकनंदाबाई, पाणी घेऊन येत होत्या. ते नाव ऐकून त्यांनी बाबुरावांकडे पाहिलं आणि तांब्या जरा जोरातच टेबलावर ठेवला.

"तुम्ही काय करता?" क्रांतीने सुधन्वाला विचारलं.

"गुडगावला. निवडणुकांचे सर्व्हे करतो. काम कॉन्फिडेन्शियल, फोनसुद्धा सकाळी गेटवर जमा करावा लागतो. निघायच्या वेळी परत मिळतो."

दीनानाथांनी क्रांतीकडे विजयी नजरेने पाहिलं. सर्व्हेवाला पोरगा, घरातच बापाचं खातं. आणखी काय हवं?

समोर टीव्हीवर कुठल्या तरी पालिकेची मतमोजणी चालू होती. "झालं, विरोधक आले. केवढी आघाडी आहे," सुधन्वा म्हणाला.

"ती टपाली मतं आहेत," अलकनंदाबाई पाण्याचे पेले भरता भरता म्हणाल्या. "ड्युटीवरच्या सरकारी माणसांची. पेन्शनवरून चिडलेत ते. खरी पेटी उघडली की चित्र बदलेल."

त्या आत वळल्या तशी क्रांती म्हणाली, "बसा ना, मावशी. तुमच्याशीच बोलायचंय."

अलकनंदाबाई बसल्या.

"सर मला विचारत होते, ध्रुवाला अक्कल नसेल का," क्रांती म्हणाली. "उलट आहे. एखाददुसऱ्या वेळी कोणीही हरेल. प्रत्येक वेळी हरायचं तर निकाल कुठे जाणार, हे आधी ओळखावं लागतं. पोटनिवडणुकीत तर समोरचा चुकलाय हे ओळखून, त्याच्याही पलीकडे जाऊन चुकावं लागलं. म्हणजे हरणारा ध्रुव जिंकणाऱ्या ध्रुवाइतकाच तयार. त्याला ना पक्ष होता, ना सट्टा. त्याला एकाच माणसाशी हरायचं होतं, कोतवालाशी. म्हणून तो कोतवालाच्या आकड्याची वाट पाहायचा."

"पण हरून मिळतं काय?" दीनानाथांनी विचारलं.

"गप्प बसायला मिळतं, सर. आणि जिंकणारा बोलत राहतो. ध्रुव जिंकला असता तर काका आठवडाभर गप्प झाले असते. ज्याला बोलायचंय तो जिंकायला बघतो. ज्याला नुसतं ऐकायचंय, तो हरतो. 'मग पुढे काय झालं?' असं विचारणारा माणूस ऐकायलाच बसलेला असतो."

"मग हा सुधन्वा..."

"काकांनी भर दुपारी लिहिलं तरी लगेच प्रश्न येतो. सुधन्वाचा फोन तेव्हा गेटवर असतो. या घरात त्या वेळी एकच माणूस असतं, आणि टपाली मतं पेलाभर पाणी ओतताना ओळखणारंही तेच."

सुधन्वाने आईकडे पाहिलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

अलकनंदाबाईंनी नाकारलं नाही. "आकडे पहिल्यापासून माझेच असायचे," त्या म्हणाल्या. "खवचटपणा ह्यांचा. मी भाजी निवडता निवडता सांगायची, हे लिहायचे, मग तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवायचे. हे गेले, आणि तेराव्यानंतर घरात कोणी यायचं बंद झालं. फोन वाजला, बघते तर तुम्ही. यांना शिव्या देत होतात, कुठे तडफडलास म्हणून. या घरात यांना जिवंत समजून बोलणारं कोणी उरलंच नव्हतं हो. मला तुम्हाला खरं सांगवेना. सांगितलं असतं तर चार ओळींची श्रद्धांजली लिहून तुम्हीही गेला असतात. आणि यांच्यासारखं भांडायला मला जमेना. मग ठरवलं, हरावं."

"मला रडायचा हक्क होता," बाबुराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "माझा मित्र गेला आणि मी त्याला विनोद पाठवत बसलो. हे बरोबर नाही केलं तुम्ही."

"नाही केलं."

मग बाबुरावांनी हळूच विचारलं, "माझी अँजिओग्राफी झाली, त्याच्या आदल्या रात्री छातीत दुखतंय, असं मी ध्रुवाला एकट्याला लिहिलं होतं. लेकीलाही सांगितलं नव्हतं तोवर. रात्रभर थांबू नका, आधी मुलीला उठवा, असं उत्तर आलं होतं. ते कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं होतं. हे गेले त्या रात्री यांनी मला उठवलं नव्हतं."

दीनानाथांना तिथे बसवेना. आपल्या घरात शेवटचं कोणी कोणाला उठवलं होतं, ते त्यांना आठवलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. क्रांतीने त्यांना तसंच राहू दिलं.

एवढ्यात बाबुरावांचा फोन वाजला. पलीकडून लुंबिनीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "बाबा, कुठे आहात? जेवायला थांबलेय मी."

"मयूर विहारला. माझे मित्र वारले. त्यांच्या घरी आलोय."

"मित्र? तुमचे? कोण हो?"

बाबुरावांनी फोटोकडे पाहिलं. "सूर्यकांत राजवाडे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते नाव त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं.

"अरेरे. कधी? कसं झालं?"

बाबुरावांना हुंदका आला. त्यांनी फोन तसाच अलकनंदाबाईंच्या हातात दिला. अलकनंदाबाईंनी तो कानाला लावला, पदराने डोळे पुसले आणि, "ऐक हं बाळा, सांगते," म्हणून पहिल्यापासून सगळं सांगायला बसल्या.