टिटवी उठली नाय

उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागं सरतं. उघड्या पडलेल्या गाळावर आम्ही काकडी, टरबूज लावतो. त्या दिवशी दिवस कलताना मी काकड्या तोडायला गेले होते. दुसरं काय नाय.

टिटव्यांची अंडी तिथंच, उघड्यावर. साधी शेळी फिरकली तरी टिटवी डोक्यावर घिरट्या घालत बोंबलते. नायतर मोडल्यासारखा पंख ओढत पळते, आपल्याला अंड्यांपासून लांब न्यायला. माझी तनुजा तासन्‌तास हेच बघत बसायची. दिवाळीनंतर होडी उलटली, तिच्यात ती गेली. सापडली नाय.

अंग सापडलं नाय की आमच्यात गवताचा पुतळा करून जाळतात. माझे मालक बद्रीनाथ (नाव घेते, कुणाचं भ्या नाय) त्यासाठी मागं लागले होते.

"माझी पोर गवताची व्हती का?" मी ओरडले होते. "ती यील. लईच हौस आसल तर मला जाळा."

काकड्या तोडता तोडता वारा पडला. शेवाळाचा वास आला. पाण्याच्या कडेनं कुणीतरी येत होतं. चाल ओळखली मी.

"माय..."

"तनू? कुठं मेली व्हतीस गं भवाने? किती वाट बघायची माणसानं!"

"घरी येऊ का, माय?"

ये म्हणायला तोंड उघडलं, आन् नजर खाली गेली. टिटवी अंड्यांवर बसलेली. तनुजाचं पाऊल तिच्या पंखाला लागंल इतकं जवळ. टिटवी उठली नाय. मी एक पाऊल टाकलं, तर किंचाळत माझ्या डोक्यावर आली. माझ्यावर!

मग मला कळलं.

"येऊ का...?"

आईच्या तोंडून 'नगं' निघत नसतं. मी काढलं.

"नगं, बाई... जा तू."

ती वळली. मग आली तशी पाण्याकडं गेली. टिटव्या गपच.

सकाळी मीच म्हणाले, "करा पुतळा."

काठावर बद्रीनाथनी कडक वाळलेलं गवत बांधलं. मी वर तनुजाची ओढणी गुंडाळली. काडी लावली. पेटंना. रॉकेल ओतलं, तरी पेटंना. त्यांनी पुतळा उचलून बघितला. आतून पाणी गळत होतं.

"आता गं...?" ते म्हणाले.

मी पुतळा मांडीवर घेतला आन् पदरानं पुसायला लागले. दिवस डोक्यावर आला, तरी पदर पिळून पिळून पुसतच होते.