कापडाची चाकं आणि एक अंडं

आधी कोडं सांगते. एक व्हॅन दगडधोंड्यांच्या रस्त्यावरून जाताना फार हादरते. तिच्यात वाळूची पोती भरून वजन वाढवलं, तर हादरे कमी होतात. पोती काढून टाकली आणि दुसऱ्याच एका जागचं वजन घटवलं, तर हादरे त्याहूनही कमी होतात. मग वजन चांगलं की वाईट? मी यावर दोन दिवस डोकं खाजवलं होतं, म्हणून तुम्हीही थोडा वेळ खाजवा.

ही गोष्ट २०४९च्या श्रावणातली. मी, सिंधुजा, तेव्हा सहावीत होते. आम्ही सोलापूरचे पद्मशाली विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, त्यामुळे आजोबा आमचे तातय्या. अंबादास चिलवेरी हे त्यांचं नाव आणि हट्ट हा त्यांचा आवडता व्यायाम. आमच्या कारखान्यात यंत्रमागांवर चादरींबरोबर एक नवं काळं कापड विणलं जायचं. ते होतं कार्बनतंतूंचं (केसाहून बारीक, पण ओढून सहजी तुटत नाहीत अशा धाग्यांचं). त्याचे थरावर थर रचायचे, राळेत (तापवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवायचे, साच्यात दाबून भाजायचे, की त्याची गाडीची चाकं तयार. अशा पहिल्या चार चाकांचा संच नमुना म्हणून भिंतीवर टांगला होता आणि दसऱ्याला त्यांना झेंडूचा हार पडायचा.

पण आमच्या स्वतःच्या विजेवरच्या व्हॅनला तातय्यांनी जाडजूड लोखंडी चाकं बसवून घेतली होती. जन्मभर कापड विणलेला माणूस, पण गाडी कापडावर पळेल यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कापड शेवटी फाटतंच, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक, असं ते म्हणायचे. बाबा हसायचे, आणि चाकं भिंतीवरच राहायची.

एका मंगळवारी पक्षीतज्ज्ञ डॉ. रुक्साना मुजावर कारखान्यात आल्या. शहराबाहेर त्यांचं माळढोक पक्ष्याचं पैदास केंद्र होतं. माळढोक हा उंच पायांचा, रुबाबदार पक्षी. तो माळावर उघड्या जमिनीवर अंडं घालतो, आणि तेही बहुधा एकच. नान्नजपलीकडच्या माळावर असं एक अंडं कुत्र्यांच्या भीतीने आईने सोडून दिलं होतं. मॅडमनी ते तिथेच माळावर ऊब देणाऱ्या पेटीत ठेवलं होतं. ते केंद्रात आणायचं होतं, पण आभाळ भरलेलं, सौर बॅटरी फार तर शुक्रवारपर्यंत पुरणारी. पेटी चाळीस किलोची, ती ड्रोनला झेपेना, आणि वाटेतला ओढा आमच्या उंच व्हॅनशिवाय कोणाला ओलांडता येईना.

त्या हंगामात मॅडमच्या हाती आलेलं ते दुसरं अंडं होतं. पहिलं महिन्यापूर्वी आमच्याच व्हॅनमधून गेलं आणि फुटलं नसूनही त्यातून पिल्लू बाहेर आलं नाही. मॅडमनी आम्हाला दोष दिला नाही. फक्त या वेळी त्यांनी सोबत धक्कामापक (हादरे मोजणारं काडेपेटीएवढं यंत्र) आणला आणि सांगितलं, की काटा तीनच्या पुढे गेला तर अंड्यातल्या जिवाला इजा होऊ शकते. तातय्या त्या दिवशी नीट जेवलेही नाहीत.

बुधवारी आम्ही केंद्रातल्या तशाच दुसऱ्या पेटीत लाकडी अंडं ठेवून माळाच्या रस्त्यावर चाचणी घेतली. काटा सातवर गेला. तातय्यांनी मग सोलापूरकराला सुचेल तोच उपाय केला. पेटीखाली आठ चादरी घातल्या. काटा आठवर गेला, कारण इतक्या मऊ गादीवर पेटी उड्याच मारायला लागली. मग त्यांनी वाळूची दहा पोती भरली. आता मात्र काटा थेट तीनवर उतरला. तातय्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू परीक्षेत ते पहिले आले होते. पुढच्याच वळणावर ओढा आला आणि ती जडशीळ व्हॅन ओल्या काळ्या मातीत पार रुतून बसली. ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत दुपार गेली.

आमच्या कारखान्यात एक यंत्रमानव होता. गिरण्यांमध्ये मागांवर देखरेख करणाऱ्या मिस्त्रीला जॉबर म्हणत, म्हणून तातय्यांनी त्याचं नावही जॉबर ठेवलं होतं. चिखलाने माखलेले आम्ही परतलो, तेव्हा त्याने शांतपणे सुचवलं, की पोती काढा आणि भिंतीवरची चाकं लावा. लोखंडी चाक एकोणीस किलोचं होतं, कापडाचं सात किलोचं.

मला त्याचं काही पटेना. वजन वाढवल्यावर हादरे कमी झाले हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि हा वजन कमी करायला सांगत होता. मी तसं विचारल्यावर जॉबर म्हणाला, की वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे हे बघ.

गाडीचे दोन भाग समज, त्याने सांगितलं. वरचा भाग म्हणजे गाडीचं धड, त्यात माणसं आणि अंडं. खालचा भाग म्हणजे चाकं. दोघांच्या मध्ये असतं सस्पेन्शन (चाकाचा धक्का धडापर्यंत कमीत कमी पोचावा म्हणून बसवलेली स्प्रिंगांची जोडणी). चाकाखाली दगड आला की चाक वर उसळतं आणि स्प्रिंगेतून धडाला ढकलतं.

मग त्याने मला प्रयोग करायला लावला. एका लाकडी ठोकळ्यावर गोटी ठेवली, ठोकळ्याखाली स्प्रिंग बांधली आणि स्प्रिंगेखाली लोखंडाचा गोळा. सगळं उभं धरून मी खालून गोळ्याला टिचकी मारायची होती. टिचकी कसली, चांगला बुक्काच लागला, आणि गोळा असा उसळला की गोटी उडून तातय्यांच्या चहात पडली. मग लोखंडाऐवजी सुताची रिकामी कांडी (दोरा गुंडाळायची नळी) बांधली. नुसत्या टिचकीने ती तितक्याच वेगाने टुणकन वर गेली आणि लगेच खाली आली. ठोकळा जेमतेम हलला आणि गोटी जागच्या जागी राहिली.

जड वस्तूला जडत्व जास्त, जॉबर म्हणाला. जडत्व म्हणजे वस्तूचा हट्ट (थांबलेली असेल तर थांबून राहण्याचा, चालली असेल तर चालत राहण्याचा). जड चाक एकदा उसळलं की हट्टाने वर जात राहतं आणि त्याला आवरता आवरता स्प्रिंग धडाला जोरात धक्का देते. हलकं चाक पटकन ऐकतं आणि रस्त्याला चिकटून राहतं. पोती भरून आम्ही धड जड केलं होतं, त्यामुळे चाकांना ते हलवणं अवघड गेलं. चाकं हलकी केली तरी तेच साधतं, आणि गाडी चिखलात रुतण्याचं भयही कमी होतं.

माझं कोडं सुटलं. मी आनंदाने तातय्यांकडे बघितलं, तर ते चहातली गोटी चमच्याने काढत होते. ते उठले, एका बंद मागापाशी गेले आणि त्यातला धोटा काढून आणला. धोटा म्हणजे आतल्या कांडीचा दोरा घेऊन मागावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा लाकडी तुकडा.

"जड धोटा घातला की काय होतंय, सांग बघू," ते मला म्हणाले.

मला ते पाठ होतं. माग हिसके देतो, वीज जास्त खातो, धोटा वेळेवर थांबत नाही आणि ताण्याचे (मागावर लांबीत ताणून बसवलेले) दोरे तुटतात. नव्या कामगारांना तातय्या हेच रागावून सांगायचे.

"चाळीस वर्षं मी लोकांना हे शिकवलं," ते हळूच म्हणाले, "आणि स्वतःच्या गाडीला चार जड धोटे लावून बसलो." महिन्यापूर्वीचं ते अंडं त्यांच्या मनातून गेलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

तरी शंका होतीच. त्यांनी भिंतीवरचं एक चाक उतरवलं, हार बाजूला ठेवला आणि त्यावर हातोडा हाणला. हातोडा उलटून आला. जॉबरने लगेच बजावलं, की ही काही चाचणी नव्हे. खरी चाचणी यंत्राखाली दाबून आधीच झाली आहे, आणि लोखंड वाकलं तर ठोकून सरळ करता येतं, कार्बनचं चाक तडकलं तर बदलावंच लागतं. त्याचा हा प्रामाणिकपणा तातय्यांना आवडला. त्यांनी स्वतः चारही चाकं बसवली.

गुरुवारी लाकडी अंडं ठेवून पुन्हा तोच रस्ता, तोच ओढा. काटा दोनच्या वर गेला नाही.

शुक्रवारी खरं अंडं निघालं. तातय्या चालवत होते, मॅडम त्यांच्या शेजारी, मी मागे पेटीपाशी काट्यावर डोळे लावून. ओढ्यातून व्हॅन अलगद बाहेर आली. पुढे अचानक मेंढरांचा कळप आडवा आला. तातय्यांनी ब्रेक लावला आणि व्हॅन हिसका न देता थांबली. जॉबरने हेही सांगून ठेवलं होतं: चाक नुसतं पुढे जात नाही, ते फिरतंही. त्यामुळे त्याच्या कडेचा एक किलो पळवायला किंवा थांबवायला जवळजवळ दोन किलोंएवढी ताकद लागते. चाकांचं वजन घटवलं, की गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि बॅटरीही थोडी वाचते. मेंढरं आमच्याकडे बघत बघत निवांत गेली. काटा दोनवर होता.

केंद्रात मॅडमनी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे दिवा धरला. लालसर उजेडात बारीक शिरांची जाळी दिसली आणि मधोमध एक ठिपका. तो धडधडत होता.

"चिलवेरीकाका, सुखरूप आहे," मॅडम म्हणाल्या. तातय्यांनी मान हलवली आणि डोळ्यांत काही गेल्याचं निमित्त करून ते बाहेर गेले.

अकराव्या दिवशी पिल्लू बाहेर आलं. आम्ही काचेतून बघितलं. ओलं, मातकट आणि दिसायला अजिबात रुबाबदार नसलेलं ते पिल्लू दोनदा पडलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या पायांवर उभं राहिलं. परतताना तातय्यांनी मला विचारलं, की नवजात आजारी बाळांना खेड्यातून दवाखान्यात नेतात, त्या रुग्णवाहिकांची चाकं कशाची असतात. मी म्हणाले, बहुतेक लोखंडाची.

त्यांनी घरी जायचं सोडून व्हॅन कारखान्याकडे वळवली. जॉबरला हाक मारून रिकाम्या मागावर चाकांच्या कापडाचा काळा ताणा चढवायला सांगितला, आणि पहिला दोरा त्यांनी स्वतःच्या हाताने ओवला.