सावरघाटाचा नगारा

चांदवणगडाच्या माथ्यावर कोवळे ऊन उतरले, तरी खालच्या सावरघाटात पहाटेचा गारठा तसाच रेंगाळत होता. आणि घाटमाथ्यावरच्या खिंडीत, जेथे तळकोकणचा परका मुलूख संपून महाराजांचे राज्य सुरू होई, तेथल्या नाक्यावर जकातदार गिरमाजी ढवळे कपाळी भस्म ओढून आपल्या बैठकीवर केव्हाच येऊन बसले होते.

जकातदाराला दुवा देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. गिरमाजींना तर सख्खे नातलगही शिव्याच देत. कारण सरळ होते. सख्ख्या भावाने कोकणातून मीठ आणले, तेव्हा त्यांनी त्याची गोणी तागडीवर चढवली होती. व्याही सुपाऱ्या घेऊन आले, तेव्हा त्यांनाही पंक्तीला बसवण्याआधी जकात भरायला लावली होती. परमुलखातून घरी येणाऱ्या मालावर सरकारचा हक्क आहे आणि सरकार नात्यागोत्याचे नसते, एवढेच ते म्हणत. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा पैसे मोजलेले बरे, असे लोकांनी ठरवून टाकले होते.

एका मालाला मात्र त्या खिंडीत पिढ्यान्‌पिढ्या माफी होती. पलीकडे दिलेली लेक माहेरपणाला आली, तर तिच्या गोणीची गाठ नाक्यावर सोडायची नाही, तिचा माल तोलायचा नाही. तिला गूळपाणी द्यायचे आणि वाट मोकळी करायची, अशी रीत होती. ही रीत गिरमाजी मनापासून पाळीत, कारण त्यांची एकुलती लेक आनसा तळकोकणातच दिली होती.

त्या दिवशी आनसाच येणार होती.

तिला सामोरे जायला गडाचे हवालदार हैबतराव निकम जातीने खाली आले होते. हैबतराव म्हणजे गिरमाजींचे तरुणपणापासूनचे सोबती. एका ताटात जेवलेले, एका मोहिमेत जखमी झालेले, आणि आनसाची सोयरीकही त्यांनीच जुळवलेली.

"लेक तुमची खरी, ढवळेराव," हैबतराव हसत म्हणाले, "पण तिला अंगाखांद्यावर आम्हीही खेळवले आहे. गडाचा दरवाजा सताड उघडा ठेवायला सांगून आलो. आज तिचे बैल थेट तुमच्या अंगणात जातील."

"आपली कृपा," गिरमाजी म्हणाले, आणि आनंद लपवता न आल्यामुळे उगाचच मिशांवरून हात फिरवू लागले.

उन्हे खिंडीत उतरली तेव्हा घुंगरांचा आवाज आला. पुढे डोईवर पदर घेतलेली आनसा, मागे लादलेल्या बैलांची लांबलचक रांग आणि प्रत्येक बैलाशी एक धट्टाकट्टा गडी. परमुलखातल्या माणसाला हत्यार घेऊन खिंड ओलांडण्याची मनाई होती, म्हणून सगळे रिकाम्या हातांनी आले होते.

आनसा पाया पडली. "आबा, किती वाळलात तुम्ही?"

"तू सासरी सुखात आहेस ना, मग माझे काय?" म्हणत त्यांनी तिला उठवले, गूळ पुढे केला, आणि मग त्यांची नजर त्या रांगेवर गेली. "एवढे काय आणलेस गं?"

"मीठ आहे, आमसुले आहेत. सासूबाईंनी हात आखडता घेतला नाही."

"माहेरवाशिणीचा माल," हैबतराव लगेच म्हणाले. "रीत आहे. उघडा वाटेवरचा अडणा."

पण गिरमाजींनी अडणा उघडायची खूण केली नाही. आपल्या लेकीसाठी रीत वापरायची आणि भावाला मात्र तागडी दाखवायची, हे त्यांना रात्रंदिवस टोचत होते. त्यात एवढा माल पाहून उद्या गडावरच्या बायका काय बोलतील, तेही त्यांना आत्ताच ऐकू येत होते.

"रीत तिला आहे, मला नाही," ते म्हणाले. "तिने आणले, पण माल माझ्या घरी चालला आहे. जकात मी माझ्या पदरची भरीन. आणि भरायची तर तोलून भरीन. जिवबा, पहिली गोणी उतरव."

माफी असलेल्या मालाची जकात बळेच भरणारा बाप या जगात असेल, हे सहसा कुणाच्या हिशेबात येत नाही. हैबतरावांचे हसू मावळले. "आज सणासारखा दिवस, ढवळेराव. पोर दमून आली आहे. हा हट्ट कशाला?"

"आबा, नको ना," आनसाही म्हणाली. "लोक मला हसतील."

पण नाक्याचा शिपाई जिवबा तोवर गोणीला भिडला होता. ती तागडीवर ठेवताना तिला सावरायला गिरमाजींनी हात लावला, आणि तागाखाली, मिठाच्या थराआड, त्यांच्या तळव्याला तलवारीची मूठ लागली. जन्मभर मूठ धरलेल्या हाताला ती ओळखू येणारच. त्यांनी मान वर केली, हैबतरावांकडे पाहिले, आणि एवढ्या वर्षांच्या सोबत्याच्या चेहऱ्यावर त्यांना जे हवे होते ते, म्हणजे आश्चर्य, कुठेच दिसले नाही.

गडाचा दरवाजा सताड का उघडा होता, हे त्यांना तेव्हा कळले.

नाक्याच्या ओट्यावर नगारा होता. तो वाजला की हुकूम कुणाचाही असो, गडाचा दरवाजा बंद करायचा, असा महाराजांचा कायदा होता. गिरमाजी ओट्याकडे धावले. हैबतरावांचा वार त्यांच्या डाव्या दंडावर बसला, पण ते ओट्यावर चढले आणि उजव्या हाताने त्यांनी टिपरू उचलले. खाली गडी गोण्यांच्या शिवणी दातांनी तोडू लागले होते आणि नाक्याचे मूठभर शिपाई त्यांच्यावर तुटून पडले होते.

"गिरमाजी," हैबतराव ओरडले. त्यांनी आनसाला पुढे ओढून तिच्या गळ्याला तलवार लावली होती. "टिपरू खाली ठेव. वाजवलेस तर पोरीचे मुंडके तुझ्या पायाशी येईल."

गिरमाजींचा हात वरच्या वर राहिला. एकीकडे गड होता, त्यातली बायकापोरे होती, महाराजांचे मीठ होते. आणि दुसरीकडे एवढाच एक गळा. कुठल्याही बापाने ठेवले असते टिपरू खाली, आणि त्याला नावे ठेवायची छाती माझी तरी झाली नसती. त्यांनी डोळे मिटले, आणि नगारा वाजवला. एकदा वाजल्यावर मग ते थांबलेच नाहीत. वर गडाचा दरवाजा कुरकुरत लागल्याचा आवाज साऱ्या खिंडीने ऐकला.

त्यांनी डोळे उघडले. आनसा जिवंत होती. तलवार तिच्या गळ्यावरून केव्हाच बाजूला झाली होती आणि ती हैबतरावांच्या शेजारी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. राग होता.

जिवबाचा भाला हैबतरावांच्या बरगड्यांत घुसला, गडावरून शिबंदी धावत आली, निम्मे गडी पडले, निम्मे घाट उतरून पळाले. घाटाच्या तळाशी फौज घेऊन टपून बसलेल्या जावयाने नगारा ऐकूनच घोडा वळवला होता.

दुपारी दंडाला पट्टी बांधून गिरमाजी लेकीसमोर बसले. दोघांखेरीज तेथे कुणी नव्हते.

"हैबतीने तुला फसवले का?" त्यांनी विचारले. प्रश्न कसला, ती विनवणीच होती.

आनसाने मान हलवून नाही म्हटले. "तुमच्या जावयांना गडाची हवालदारी मिळणार होती, आबा. तुम्हांला कुणी बोट लावणार नाही, अशी मी शपथ घेतली होती सगळ्यांकडून." मग ती हळूच म्हणाली, "हैबतकाका म्हणत होते, तुझा बाप तोलल्याशिवाय सोडणार नाही. मीच म्हटले, माझ्या गोणीला आबा हात लावायचे नाहीत."

गिरमाजी कण्हले. दंडाच्या जखमेने त्यांना तोवर एकदाही कण्हायला लावले नव्हते.

पुढच्या आठवड्यात राजधानीहून सोनोपंत मुजुमदार चौकशीला आले. फितुराला कडेलोट ठरलेला होता. भर सदरेत त्यांनी विचारले, "गिरमाजीराव, गोण्यांत काय होते, हे आपल्या कन्येला ठाऊक होते काय? हैबती मेला. आता आपल्या शब्दावर निवाडा आहे."

"ठाऊक नव्हते," गिरमाजी म्हणाले.

"झाले तर," मुजुमदार म्हणाले. "ढवळ्यांचा शब्द तोलून पाहण्याची सरकारास गरज नाही." आणि त्यांनी महाराजांनी धाडलेला शिरपाव स्वतःच्या हाताने गिरमाजींच्या खांद्यावर घातला.

लेकीला सीमेपर्यंत पोचवायला गिरमाजी एकटेच गेले. खिंड ओलांडताना आनसा थांबली. "राग उतरला की निरोप धाडा, आबा. मी येईन."

"राग नाही गं," ते म्हणाले. "मुजुमदारांनी आज माझ्यावर विश्वास ठेवला, तसाच मी तुझ्यावर ठेवला होता. विश्वास ठेवणाऱ्याला फसवायला काहीच कष्ट पडत नाहीत, हे मला आज कळले. तू येऊ नकोस."

ती रडत घाट उतरली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते उभे राहिले, आणि मग गडावर जाऊन त्यांनी शिरपाव मुजुमदारांपुढे ठेवला व नाक्यावरून मोकळे करण्याची अर्जी केली. मुजुमदारांनी नवल करून कारण विचारले.

"वय झाले," गिरमाजी म्हणाले. आयुष्यातले हे त्यांचे दुसरे खोटे, आणि पहिल्यापेक्षा ते फार सोपे गेले.