लॅटिनमधले राठोड

सिद्धेश्वर धरणाच्या काठावर, ओल्या गाळात पालथी पडून, निता राठोड बोटभर उंचीच्या रोपावरचं निळं फूल भिंगातून बघत होती. तेवढ्यात पलीकडून दुसरं भिंग आलं... आणि त्यामागे एक भलामोठा डोळा.

"हे माझं आहे," डोळ्याचा मालक म्हणाला.

"काहून? नाव लिहिलंय का तुमचं त्याच्यावर?"

तो हसला. अद्वैत पाठक, हिंगोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. निता त्याच विषयात संशोधन करत होती. हे रोप शास्त्राला नवं आहे, हे दोघांनी मिळून तीन महिन्यांत पक्कं केलं. गाळ, चहा, पाकळ्या मोजताना लागणारी बोटं... निताची मोजणी हल्ली चुकायची. ती पुन्हा मोजायची.

शोधनिबंध लिहायच्या दिवशी तो लाजत म्हणाला, "रोपाला तुमच्या आडनावाचं लॅटिन रूप द्यायचं. जगभर तेच चालेल."

तिचे कान गरम झाले. मग शास्त्रातला रिवाज आठवला. रोपाला नाव देणारा स्वतःचंच नाव देत नसतो; म्हणजे निबंधाच्या लेखकांत ती नसणार.

"म्हणजे शोध तुमचा, अन् मी फूल?"

"तसं न्हाई—"

"तसंच आहे. गाळात मी बी बराबरीनं लोळले, सर. मला लिहिणाऱ्यांत बसवा."

दोन दिवस त्याचा फोन आला नाही. जीव तळमळला, पण तिनेही केला नाही.

तिसऱ्या दिवशी तो थेट तांड्यावर आला, तिच्या वडिलांसमोर बसला. वसराम गुरुजींनी तांड्याच्या औषधी झाडपाल्यावर एक पुस्तक लिहिलं होतं. त्यांना लेखक मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

"गुरुजी, दोन दिवस तुमचं पुस्तक वाचत होतो. हे रोप त्यात आहे. आमच्या वीस वर्षं आधी. त्याला तुमचं नाव देऊ? राठोडी."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "हे इंग्रजी?"

"लॅटिन, बापू," निता म्हणाली.

"मग तू म्हण पुन्हा एकदा."

तिने म्हटलं. तांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

बाहेर अद्वैतने निबंध तिच्या हातात दिला. वर लेखकांची आडनावं होती: राठोड आणि पाठक.

"तुमचं आधी," तो म्हणाला. "माझं चुकलं होतं... निता, ही दोन नावं फक्त कागदावरच शेजारी राहणार का?"

"लग्नानंतर बी मी राठोडच राहीन."

"मी कुठं बदला म्हणलो?"

तिने कागदाची नीट घडी घातली.

"मग तुमच्या आईकडं मागणी घालायला रविवारी मी येते," ती म्हणाली. "पहिलं नाव माझं आहे."