सदतीस नंबरची कंठास्थी

सकाळचा उजेड त्या खोलीत घाईने कधीच शिरत नसे. आधी तो उंच खिडकीच्या धुळकट काचेवर थोडा वेळ रेंगाळे, मग गजांच्या सावल्या सोबत घेऊन भिंतीवरून खाली उतरे. कपाटांच्या कड्यांवरून, वाळत ठेवलेल्या मणक्यांवरून, एकेका बरगडीच्या वळणावरून हलकेच हात फिरवत लांब टेबलापाशी येऊन थांबे. ताजी स्वच्छ केलेली हाडं त्या उजेडात पांढरी दिसत नाहीत. सायीसारखी, किंचित पिवळसर, ऊबदार दिसतात. 'ऊबदार' हा शब्द हाडांना शोभत नाही, पण तिथे काम करणाऱ्याला दुसरा सुचत नसे.

हे घडलं ते अशाच उजेडात, सकाळी पावणेआठला.

ज्याच्यावर गुदरलं तो आजही त्याच खोलीत काम करतो. त्यामुळे यात एक शब्दही वाढवून लिहिण्याची सोय नाही.

मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात तो हाडं जोडायचा. देहदानातून आलेल्या देहांचा अभ्यास संपला की स्वच्छ केलेली हाडं पिशव्यांतून त्याच्याकडे येत. मणके सळईत ओवायचे, मध्ये रबराच्या चकत्या घालायच्या, बरगड्या तारेने बांधायच्या आणि दोनशे सहा सुट्या हाडांचा पुन्हा एक उभा माणूस करायचा. विद्यार्थी त्याला वैद्यबुवा म्हणत. बुवांचा एकही पेशंट झोपून राहत नाही, पण घरीही जात नाही, असा त्यांचा जुना विनोद. तोही हसे. लग्न केलं नव्हतं. त्या विनोदाव्यतिरिक्त दिवसभरात कोणी त्याच्याशी फारसं बोलत नसे.

वडील होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांत, एकटे. रोज सकाळी सहाला त्यांचा फोन येई. आधी ते घसा खाकरत, मग विचारत, "झोपला होतास का रे?" पुढे बोलण्यासारखं काही नसे. गुडघा, नळाचं पाणी, पुन्हा गुडघा. तरी वीस मिनिटं जात. देहदानाचा अर्ज त्यांनी त्याला न विचारता याच कॉलेजात भरला होता. तेवढाच तुझ्या नजरेसमोर राहीन, म्हणाले. त्याने विषय बदलला.

एका सकाळी फोन वाजून वाजून थांबला.

दुपारी शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा मोबाइल वडिलांच्या थंड मुठीतच होता. मी गाढ झोपेत होतो, ऐकूच आलं नाही, असं त्याने बहिणीला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, आणि पुढे कोणी विचारलं नाही तरी सांगत राहिला.

विभागात हाडांना नावं नसतात, नंबर असतात. नावांची वही विभागप्रमुख बाईंच्या कपाटात. वडिलांचा देह विभागात येऊन वर्ष सरल्यावर बाईंनी एकदा हळूच विचारलं होतं, त्यांचा नंबर सांगून ठेवू का, तो संच आपण बाहेर जोडायला पाठवू. तो नको म्हणाला. त्याला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

मग सदतीस नंबर आला.

मोजणीत एक हाड कमी भरलं. कंठास्थी. जिभेच्या मुळाशी असलेलं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं इवलंसं हाड. अख्ख्या सांगाड्यात दुसऱ्या कुठल्याही हाडाला न टेकणारं ते एकटंच. स्नायूंच्या आधाराने घशात तरंगतं आणि जीभ पेलतं. माणूस गिळतो, बोलतो, ते त्याच्या जोरावर.

इथे त्याने एक चूक केली. कुठल्या संचातली हे कळेनासं झालेल्या सुट्या हाडांची एक बरणी त्याच्याकडे होती. त्यातली कोणाची तरी कंठास्थी काढून त्याने सदतीसच्या जबड्याखाली टांगली.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला त्याने कुलूप उघडलं, आणि आतून...

कोणीतरी घसा खाकरला.

खोली रिकामी होती.

ती कंठास्थी टेबलावर पडली होती. तारेचा पीळ मात्र जसाच्या तसा.

त्याने तार दुहेरी करून ती पुन्हा टांगली. तिसऱ्या दिवशीही तेच. आधी खाकरणं... आणि मग शांतता. बोलायला तोंड उघडावं आणि शब्दच फुटू नये, तसली शांतता.

हाड पुन्हा टेबलावर.

तो बाईंकडे गेला. आवाजाचं बोलला नाही. सदतीसची कंठास्थी सापडत नाही, एवढंच म्हणाला. बाई उठून कपाटापाशी गेल्या. त्या देहाचं स्वरयंत्र वर्गात दाखवायला वेगळं काढलं होतं, हाड त्याच्यासोबत गेलं, म्हणाल्या. मग त्यांनी कपाटातून ते हाड ठेवलेली काडेपेटीएवढी डबी काढून दिली.

"वही उघडू का?"

"नको, बाई. हाडंच तर आहेत."

"मग दुसरं कोणी बसवेल, बुवा. तुम्ही राहू द्या."

पण दुसऱ्या सकाळी ती कंठास्थी त्यानेच बसवली. एवढ्या वर्षांचा सराव, तरी तार तीनदा निसटली. शेवटी हाड जबड्याखाली, आपल्या जागी स्थिर झालं.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग घसा खाकरला... अगदी कानाशी.

"झोपला होतास का रे?"

जबडा हलला नव्हता. एकही तार हलली नव्हती. बाहेर जिन्यात विद्यार्थी कशावरून तरी हसत होते.

त्यानंतर सदतीस नंबर कधी बोलला नाही. तो आवाज कुठून आला, बाईंनी ती डबी इतके दिवस वेगळी का ठेवली होती, कोणालाच ठाऊक नाही. वही त्याने अजून उघडलेली नाही. पण सदतीसला वर्गात न्यायचं म्हटलं की तो काहीतरी कारण काढतो, आणि रोज वेळेआधी येऊन त्या सांगाड्यासमोर गुपचूप बसून राहतो. त्याला पुन्हा ऐकायचंय की ऐकायची भीती वाटते, हे त्यालाही सांगता येत नाही.

त्या सकाळी मात्र त्याने उत्तर दिलं होतं. हातातली पक्कड टेबलावर ठेवून, खालमानेने.

"नाही, अप्पा."

फोन वाजत होता तेव्हा तो जागा होता. त्याने नाव पाहिलं होतं, आणि फोन उशीखाली सरकवला होता.