आतल्या खोलीतली खाट

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि नवा चष्मा पोचवायचा होता, एवढंच काम. यंदाचा, २००८चा मे महिना, दुपारचे दोन. अमरावतीहून चांदूर रेल्वेला, बाबांच्या गावी, दुचाकीवर जायचं म्हणजे त्या उन्हात अंगातलं पाणी आटतं. तुम्ही जवळ बसलाच आहात तर सांगतो. मध्ये काही विचारू नका.

बाबा, म्हणजे किसनराव, एक्क्याऐंशी वर्षांचे. जन्मभर वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजारात विकत आले. गावाबाहेर दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. आई जाऊन बारा वर्षं झालेली, तेव्हापासून एकटेच. आदल्या दिवशी शेजारच्या बेबीताईंचा फोन आला होता.

"सूर्यभानभाऊ, एकदा येऊन पाहा. बाबा वाळून चालले. मी डबा देतो तं म्हनतात, दोघांचा दे."

मी तीस वर्षं बातमीदारी केली. कापूसपट्ट्यात रोज माणसं मरत होती त्या वर्षांत तीनशेच्या वर घरांत गेलो. उंबरा ओलांडला की मला कळायचं, चूल कधी पेटली होती, औषध कधी बंद पडलं, म्हातारं माणूस कुठल्या कोपऱ्यात टाकलंय. म्हातारी माणसं टाकणाऱ्यांना शरम नाही का, असा मथळा मीच दिला होता. आणि माझ्या बापाच्या घरी मी पाच महिन्यांनी जात होतो.

बाबा दारातच बसले होते. गळ्याची हाडं वर आलेली, हात थरथरत होते. पण धोतर पांढरं, धुतलेलं. अंगाला वास नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन ताटल्या होत्या. एक कोरडी. दुसरीत वरणात कुस्करलेला मऊ भात, अर्धा खाल्लेला. फळीवर जानेवारीत आणलेल्या गोळ्या न फोडलेल्या. आतल्या खोलीच्या पडद्यामागून वास येत होता. लघवीचा, पावडरीचा, बंद खोलीचा.

पडदा सारला. खाट. खाटेवर ओली चादर, खाली प्लास्टिक.

मी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. बाबांना आता लघवी आवरत नाही, गोळ्यांचं भान नाही, जेवण पोटात जात नाही. घरात दिवसभर माणूस हवं.

"बाबा, उद्यापासून एक बाई ठेवतो. वर्षाली म्हणून आहे, अमरावतीची. आजारी माणसांचं करायला शिकलेली आहे."

"मले काहून? तिच्यासाठी ठेव."

"कुणासाठी?"

त्यांनी आवाज खाली घेतला. "हळू बोल. आत्ताच डोळा लागला तिचा."

बाहेर ऊन रणरणत होतं. एक पाखरू बोलत नव्हतं.

"जानेवारीत आली," बाबा म्हणाले. "तुयं नाव सांगत आली. म्हने, तुमचा पोरगा पुन्हा येतो म्हनला होता... आला नाई. म्हनून मीच आली. तानुबाई नाव हाये. मूर्तिजापूरकडची."

तानुबाईला मी ओळखत होतो.

२००६ साली तिचा एकुलता मुलगा विष पिऊन गेला. त्याची बातमी करायला मी त्या खेड्यात गेलो होतो. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, पाठ चिघळलेली. मी फोटो काढला. पहिल्या पानावर छापला, खाली कलेक्टरपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना झोडपलं. निघताना तिला म्हणालो, पुन्हा येतो आजी. ती मेली तेव्हा चार दिवस कुणाला पत्ता नव्हता. त्याचीही बातमी मीच केली, आणखी मोठ्या मथळ्यात.

बाबांना वाचता येत नाही.

"बेबीताईनं पेपर वाचून दाखवला का तुम्हाला?"

"पेपरात काय हाये? तिनंच सांगतलं. म्हने, पाठ जळत होती तरी तुया पोरानं मले उजेडाकडं तोंड कराले लावलं. फोटूसाठी."

हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

"चादर बदलाची हाये," बाबा उठले. "माया हातानं आता होत नाई. तू धर."

मी रागानेच आत गेलो. खाट रिकामी आहे हे त्यांना दाखवायचं होतं. चादरीचं टोक धरून ओढलं. चादर आली नाही.

"ओढू नको! कातडं निघते तिचं. आधी कुशीवर घे."

"बाबा, इथं कुणी नाही."

"तिच्यासमोर नको म्हनू असं..."

दोन्ही हातांनी ओढली. मधोमध ती ताठ झाली. खाटेची नवार करकरली. बाबा वाकले. एक तळवा खांद्याच्या उंचीवर ठेवला, दुसरा कमरेच्या, आणि हवेतलं काहीतरी अलगद स्वतःकडे घेतलं.

"हं... आता."

चादर अर्ध्यापर्यंत सुटली. मी ती गुंडाळली, धुतलेली चादर मोकळ्या अर्ध्या खाटेवर पसरली. बाबा दुसऱ्या बाजूला गेले, पुन्हा तसेच तळवे लावले. नव्या चादरीवर एक खळगा उमटला, हळूच भरला आणि पलीकडे पुन्हा उमटला. मी उरलेली ओली चादर ओढून घेतली. या वेळी ती सहज आली, गरम.

"भिंतीकडं तोंड केलं तिनं," बाबा म्हणाले. "तुले पाहाचं नाई म्हनते."

दुसऱ्या दिवशी वर्षाली आली. मी तिला फक्त बाबांचं सांगितलं. वेळेवर गोळ्या, वेळेवर जेवण. दोन महिन्यांत बाबांच्या गालांवर मांस आलं. आतली खाट कोरडी राहू लागली. तानुबाई गेली, असं बाबांनीच एकदा सांगितलं. मला वाटलं, सुटलो.

पण त्या वर्षांच्या माझ्या वह्यांमध्ये तीनशेच्या वर घरं आहेत, आणि प्रत्येक दारातून निघताना मी तेच म्हणालो होतो, पुन्हा येतो.

काल दुपारी वर्षालीचा फोन आला.

"सर, बाबा म्हनतात, आतली खाट पुरत नाई. जास्त लांबीची आना."

"कुणाला पुरत नाही?"

तिनं आवाज खाली घेतला.

"मले कोनी दिसत नाई, सर... पन आतल्या खाटेची मच्छरदानी पायथ्याशी बाहेर ढकललेली असते. दोन जागी, पावलांएवढी."