दारातून परत गेलेला

हे मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर शेवट तरी बरा केला असता.

गेल्या मार्चमधली भर दुपार. वडगाव रासाईतलं आमचं घर.

माझा मोठा भाऊ जालिंदरदादा आतल्या खोलीत पडून होता. लिव्हरचा कॅन्सर. दुसऱ्याचं लिव्हर मिळेपर्यंत गाठ वाढू नये म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी नसेतून किरणं सोडणारे बारीक मणी थेट गाठीत सोडले होते. गाठ वाढली, तर ऑपरेशनच होणार नव्हतं.

"थोडे दिवस लोकांपासून लांब ठेवा," डॉक्टर म्हणाले होते.

ते दिवस केव्हाच संपले. पण ललितावहिनीची भीती जाईना. तिने सख्ख्या नणंदेलाही दारातूनच परत पाठवलं.

त्या दुपारी ती अंगण सारवून उंबऱ्यावर बसली होती. मी शेजारीच होतो.

एकदम पाखरं गप्प झाली...

समोर एक पोरगा उभा होता. विशीतला. डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं.

आमचा कुत्रा भुंकला नाही. उठला आणि गोठ्यामागे जाऊन बसला.

"वहिनी, दादांकडं आलोय. ऱ्हायला."

"न्हाई रं बाबा. त्यास्नी किरणांची लाईट दिलीया. जवळ कुनी जायाचं न्हाई."

"खरंच जाऊ?"

"जा म्हनलं ना!"

तो वळला. गेला. मी अंगणाकडे पाहिलं...

ओल्या सारवणावर एकही पाऊल उमटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलचा.

"लिव्हर मिळतंय. लगेच निघा."

वहिनी रडत रडत हसली. दादाला गाडीत घातलं. पुण्याच्या वाटेवर यवत ओलांडलं, तोच परत फोन...

"माघारी फिरा. अपघातात गेलेल्या ज्या मुलाचं लिव्हर मिळणार होतं, त्या मुलाच्या घरच्यांनी ऐनवेळी नकार दिला."

त्या मुलाच्या...

वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

मागून दादाचा बारीक आवाज आला. "दुपारी कोन आलं व्हतं रं? मला लई येळ हाका मारत व्हतं."



आता गाठ पुन्हा वाढतेय. फोन येत नाही. वहिनी दार लावत नाही.

परवा लाईट मीटरचं रीडिंग घ्यायला एक पोरगा आला. वहिनीने त्याचा हात धरला.

"आत ये. ये की रं बाळा. आतच ऱ्हा."

पोरगा घाबरला. हात सोडवू लागला. मी वहिनीला आवरायला उठलो...

आणि माझ्याच तोंडून निघालं, "जा ना आत. दादा वाट बघतोय."

पोरगा चांगला धडधाकट होता. घरी त्याची आई असेल. हे मला कळत होतं, तरी मी ते बोललो.